सॅम्पलची पेटी

"रामहरी हाय तवर पणदऱ्याचं दूध नासत न्हाय." हे वाक्य मुळात रामहरीचंच. पण तो ते इतक्यांदा ऐकवायचा की पारावरची माणसं त्याचं तोंड उघडायच्या आतच ते म्हणून टाकायची आणि वर हसायची. चेष्टा होती, पण खोटी नव्हती. दूध संघाच्या चिलिंग सेंटरवर तो मशीन चालवायचा. सकाळ-संध्याकाळ गावोगावचं धारोष्ण दूध यायचं, ते गार करायचं आणि टँकरमध्ये भरून इंदापूरच्या मोठ्या डेअरीला धाडायचं, एवढंच काम. लाईट गेली की बाकीचे विडी पेटवायचे आणि रामहरी जनरेटरकडे पळायचा. भर वैशाखातसुद्धा त्याच्या टाकीतलं दूध आंबलं नाही.

त्याचा बाप जोतीराम कऱ्हाटीकडचा, मेंढरं राखणारा. चरायची रानं उसाखाली गेली तेव्हा म्हाताऱ्यानं कळप विकला आणि पोराला शाळेत घातलं. दहावी झालेला रामहरी चिलिंगवर चिकटला आणि एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली: गार ठेवलं की टिकतं, जितकं गार तितकं चांगलं. एखाद्याच्या अंगात देव येतो तशी त्याच्या अंगात थंडी आली होती म्हणा ना! बायको सारजा म्हणायची, "ह्यांचं चाललं तर भाकरीबी बर्फात ठिवतील." सारजा बोलायची ते बहुधा बरोबर असायचं, आणि तो बहुधा ऐकायचा नाही.

त्यांची एकुलती पोर सुकन्या आठ वर्षांची असताना अचानक वाळायला लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि तरी तहान म्हणायची. मोरीत लघवीला मुंग्या लागल्या तेव्हा सारजा घाबरली. बारामतीच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की साखरेचा आजार आहे. "उसाच्या गावात जलमली, साखर असायचीच," असं कुणीतरी म्हटलं आणि रामहरी त्याच्या अंगावर धावून गेला. दिवसातून दोन वेळा इन्शुलिनचं इंजेक्शन, तेही जन्मभर. इंजेक्शन चुकलं तर पोर हातची जाईल, असं बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि औषध गार जागी ठेवा. गरम झालं की वाया गेलं."

एवढ्या मोठ्या संकटात हे शेवटचं वाक्य ऐकून रामहरीला धीर आला. गार ठेवायचं ना? मग ते आपलंच काम!

तेव्हापासून सुकन्याचं औषध चिलिंगच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या सॅम्पलच्या बाटल्यांशेजारी, एका साबणाच्या डबीत राहायला लागलं. सुपरवायझर शंभूराज नियमाचा माणूस, पण त्या डबीकडे त्यानं कधी पाहिलं नाही. रामहरी सुई टोचायला शिकला. लघवीची तपासणीही घरीच करायचा. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, मग पिवळं, आणि विटेसारखं तांबडं झालं तर साखर मोकाट सुटलेली. दुधाची फॅट काढणाऱ्या हाताला यात अवघड ते काय? दोन वर्षं नळी निळी राहिली. पोर शाळेत जायला लागली, गालावर मांस आलं, भांडणात पोरांना हरवायला लागली.

आणि मग दुधाला सुट्टी लागली.

नव्व्याण्णव साल उजाडत होतं. फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं की रविवारी दूध आणू नये. गवळणी फळ्यापुढं थांबून हसल्या. "अन म्हशीला कुनी सांगायचं, बाई, आज सुट्टी हाय म्हून?" दोन-तीन रविवार गेल्यावर कुणी हसेना. दूध घरात ठेवून काय करणार? काहींनी ओढ्यात ओतलं. रामहरीनं ते पाहिलं आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

संघाचे जाणते संचालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी सेंटरवर बैठक घेतली. "जगभराच्या व्यापाराचा करार झालाय," आबा म्हणाले. "आपल्या देशानं सही केलीया. आता भायेरची दूध पावडर आडवता येत न्हाय, जकातबी लावता येत न्हाय म्हणत्यात. तिकडं सरकार गवळ्याला पैसं देतं, त्यामुळं त्येंची पावडर समिंदर वलांडून येऊनबी आपल्या दुधापरीस स्वस्त. शहरातला डेअरीवाला पोतं फोडतो, पानी वततो, झालं दूध. तुमचं-आमचं कशाला घील?"

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सही करताना आमाला कुनी इचारलं व्हतं का?"

"तुमाला काय इचारायचं तात्या, तुमी अंगठा लावताय!" शंभूराज म्हणाला. सगळे हसले. रामहरीही हसला. मग आबांनी हळूच पुढचं सांगितलं. पाडव्यापासून हे सेंटर बंद. मशीन, फ्रीज, जनरेटर सगळं इंदापूरला जाणार. कायमची माणसं तिकडं सामावून घेऊ, रोजंदारीवाल्यांचं नंतर बघू. रामहरी इतकी वर्षं रोजंदारीवरच होता. ते त्याच्याही ध्यानात नव्हतं.

नोकरी गेली याचं दुःख त्याला नंतर झालं. आधी आठवला तो फ्रीज.

पाडव्याला सेंटर बंद झालं. दुसऱ्या दिवशी तो बारामतीला औषधाच्या दुकानात गेला, तर तिथं आणखी एक बातमी. दुकानदार म्हणाला, "हे जुनं इन्शुलिन आता बंद होणार. कंपनी परदेशी लोकांनी घेतली. नवं त्यांचं येईल, पण तिप्पट महाग."

"तिप्पट? का म्हून?"

"आता मला काय विचारता? सगळीकडं करारांचीच हवा आहे."

रामहरी काउंटर धरून उभा राहिला. मग सेंटरवरून हिशोबाचे म्हणून जे पैसे हातात पडले होते ते सगळे काढून दुकानात उरलेल्या जुन्या इन्शुलिनच्या साऱ्या बाटल्या त्यानं विकत घेतल्या. वर्षभराची तरी बेगमी झाली. आता प्रश्न एवढाच की वर्षभर त्या गार ठेवायच्या कुठं?

सारजानं सरळ वाट सांगितली. "वरच्या आळीच्या सिंधुबाईंकडं फ्रीज हाय. त्या नगं म्हननार न्हाईत."

"लाईट अर्धा दीस नसती. लाईट नसल्यावर फ्रीज म्हंजी नुसतं कपाट. अन त्येंची पोरं दर घटकेला दार उघडून बसत्यात. मी जलमभर दूध गार केलंय सारजे. मला थंडी शिकवू नगंस."

सारजा भाकरी थापायला वळली. नवऱ्याच्या कामाची बढाई तिनं आयुष्यभर थट्टेवारी नेली होती, पण कामाबद्दल तिला विश्वास होता. या एका गोष्टीत तरी तो चुकणार नाही असं तिला वाटलं. मलाही वाटलं असतं.

रामहरीजवळ एक युक्ती होती. इंदापूरच्या लॅबला दुधाचे सॅम्पल धाडायची थर्माकोलची पेटी सेंटरवर पडून होती. ती शंभूराजनं त्याला देऊन टाकली. उन्हाळ्यात टँकरच्या केबिनमध्ये सॅम्पल आंबू नयेत म्हणून रामहरी पेटीत बर्फाचा थर द्यायचा, त्यावर खडेमीठ पसरायचा, मग बाटल्या, आणि वर पुन्हा बर्फ. मिठानं बर्फाला असला कडाका चढायचा की सॅम्पल इंदापूरला पोचायचे ते दगड होऊन. लॅबवाले शिव्या घालायचे. पण कोमट पाण्यात वितळवून हलवलं की दूध जसंच्या तसं. कधी फॅट चुकली नाही.

तीच पेटी आता घरात आली. जीपगाड्यांना हात करून तो बारामतीच्या कारखान्यातून बर्फ आणायचा, खडेमीठ घालायचा आणि सगळ्या बाटल्या मधोमध रचायचा. सकाळी पेटी उघडली की थंड वाफ तोंडावर यायची. बाटली हातात घेतली तर आत गारेसारखं पांढरं, टणक. रामहरी ती दोन्ही तळव्यांत धरून घोळवायचा, वितळली की सुईत भरायचा. "बघ," तो सारजाला म्हणायचा, "सिंधुबाईच्या फ्रीजला हे जमंल का?"

त्याच आठवड्यात नळी हिरवी झाली.

होतं कधी कधी, तो म्हणाला. मग ती पिवळी झाली. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवल्याप्रमाणे त्यानं औषध थोडं वाढवलं. दुसऱ्या सकाळी नळी दिव्यावर धरली आणि बघता बघता विटेसारखी तांबडी झाली. रामहरीनं नळी धुतली, नव्यानं तपासलं. तांबडीच. औषध गार, सुई उकळलेली, माप बरोबर. मग चूक कुणाची?

चूक घरामागं सापडली. म्हणजे त्याला वाटलं की सापडली. गोठ्याच्या भिंतीला उसाची चिपाडं पडली होती, ताजी, चोखून टाकलेली. पणदऱ्यात चिपाडं कुणाच्या घरामागं नसतात? पण संशयाला डोळे नसतात. त्यानं सुकन्याला दंडाला धरून तिथं आणलं.

"ऊस खाल्लास?"

"न्हाय आप्पा."

"मग नळी तांबडी का?"

"मला ठावं न्हाय. देवाशप्पत, म्या न्हाय खाल्ला."

"नळी खोटं बोलत न्हाय!" असं म्हणून त्यानं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली. पोर रडली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं रामहरीला सहन झालं नाही, म्हणून त्याला आणखीच राग आला. माणसाचं असंच असतं, स्वतःची भीती तो दुसऱ्याच्या गालावर काढतो.

मग त्या पोरीवर पहारा बसला. गुळाचा डबा माळ्यावर गेला. शाळेत गुरुजींना सांगून झालं की हिला कुणाच्या डब्यातलं खाऊ देऊ नका. खेळायला जाणं बंद. मैत्रिणी दारात आल्या की रामहरी त्यांचे हात हुंगायचा, उसाचा वास येतो का म्हणून. सुकन्या दाराच्या चौकटीला टेकून बसायची आणि नळी रोज तांबडी व्हायची. तो रोज बर्फ आणत होता, रोज मीठ घालत होता. उन्हाचा चटका वाढला तसं मीठही वाढवत होता.

सारजाच्या ध्यानात आलं ते तांब्यावरून. पोरीनं एका सकाळी तांब्यामागून तांब्या रिचवला. दुपारच्या आधी उलटी झाली, मग पुन्हा झाली. सारजानं तिचं तोंड पुसलं तेव्हा श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास आला. हा वास तिनं दोन वर्षांपूर्वी एकदा घेतला होता.

"अवं, हिला पयल्यावानी व्हतंय. उठा, बारामतीला चला."

"थांब. नवी बाटली फोडतो. ह्यातनं देतो."

"दिऊन दिऊन काय झालं? पोर बघा की! तुमी नळी बघताय, पोर कुनी बघायची?"

त्यानं तरी सुई दिलीच. घटकाभर वाट पाहिली. सुकन्या धापा टाकायला लागली, खोल, लांब, विहिरीतून पाणी ओढल्यासारख्या. हाक मारली तर डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. रामहरी तसाच अनवाणी रस्त्यावर धावला.

एसटी नुकतीच गेलेली. जीप एक दिसेना. डांबर तापून पायाला चिकटत होतं. आणि तेवढ्यात संघाचा टँकर येताना दिसला. पूर्वी तो रोज सेंटरवर थांबायचा, आता सरळ पुढं निघून जायचा. ड्रायव्हर भिमानं लांबून रामहरीला ओळखलं. आणि नुसता हात करायच्या बेतात असताना त्याच्या मागं पोर खांद्यावर टाकून धावत येणारी सारजा त्याला दिसली. त्यानं करकचून ब्रेक दाबला.

"काय झालं?"

"बारामती, भिमा. दवाखाना. पळीव."

भिमानं दार उघडून दिलं. केबिनमध्ये सारजाच्या मांडीवर सुकन्या होती, मान लुळी पडलेली. आणि रामहरीच्या मांडीवर होती ती पेटी. निघताना तो पुन्हा घरात पळाला होता आणि पेटी घेऊन आला होता. प्रत्येक खड्ड्याला तो तिला दोन्ही हातांनी सांभाळत होता, आतलं औषध फुटू नये म्हणून. सारजानं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "श्वास हाय का?" तो विचारायचा. "हाय," ती म्हणायची. पुन्हा थोड्या वेळानं तेच. एक बैलगाडी आडवी आली तेव्हा भिमानं हॉर्नवरचा हात उचलला नाही.

डॉक्टरबाईंनी पोरीला बघताच नर्सला हाका मारल्या. सलाईन लागलं, रक्त घेतलं, इंजेक्शन गेलं. धावपळीत रामहरी मध्ये मध्ये येत सांगत होता, "चोरून ऊस खाती बाई. तुमी सांगा हिला. म्या येकबी इंजक्शन चुकवलं न्हाय."

बाई जरा मोकळ्या झाल्यावर म्हणाल्या, "औषध दाखवा."

रामहरीनं पेटी टेबलावर ठेवली. अशा वेळीही त्याच्या आवाजात थोडा ताठा होता. "थंडीला काय कमी न्हाय बघा." झाकण काढलं. वाफ वर आली. बाईंनी बर्फात रुतलेली एक बाटली ओढून काढली, उजेडाकडे धरली. आतलं पाणी दगड झालं होतं. त्यांनी दुसरी काढली, तिसरी काढली.

"हे गोठलंय."

"व्हय. रोज गोठतं. मग हातात वितळवून देतो."

"किती दिवस झाले?"

"सेंटर बंद झाल्यापास्नं."

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात बोलल्या. "रामहरी, इन्शुलिन गोठलं की मेलं. वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण त्यात काही राहत नाही. गार ठेवा म्हणाले होते मी, गोठवा नाही. इतके दिवस तुम्ही पोरीला पाणी टोचत होता."

"पर दुधाला काय व्हत न्हाय..."

"हे दूध नाही."

रामहरीनं पेटीकडे पाहिलं. सगळ्या बाटल्या होत्या त्यात, वर्षभराच्या. त्यानं झाकण लावलं, का लावलं ते त्यालाही कळलं नाही. मग तो दवाखान्याच्या भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं औषध नव्हतं, नोकरी नव्हती. गोठ्याची भिंत होती आणि नुसती बघत राहिलेली पोर होती.

"घरात काय साधन नव्हतं का?" बाईंनी सारजाला विचारलं.

"काय असनार? पान्याचं मडकं तेवडं हाय."

"तेच पुरलं असतं. ओल्या वाळूत मडकं, त्यात डबी. गरीब माणसं तशीच ठेवतात."

सारजानं पदर तोंडाशी धरला.

सुकन्या शुद्धीवर आली दुसऱ्या दिवशी. बाई म्हणाल्या, वाचली. रामहरी खाटेजवळ गेला, पण बसेना. पोरीनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. आधी पाणी मागेल असं त्याला वाटलं.

"आप्पा, म्या ऊस खाल्ला न्हवता."

"न्हाय गं माझे बाय. न्हवता खाल्ला." त्याचा बांध फुटला. वॉर्डातली सगळी माणसं बघत होती आणि हा बाप्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देत होता. "माजं चुकलं. माजंच चुकलं." तिनं पाय काढून घेतले नाहीत, पण त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

आता नवं औषध, तिप्पट दराचं, आणणं भाग होतं. भिमानं शब्द टाकला आणि इंदापूरच्या डेअरीत रामहरीला हमालीचं काम मिळालं. उन्हाळ्यात दूध आटतं, मग शहराला पुरवायला संघानंही शेवटी पावडर घेतली होती. बंदरावरून ट्रक यायचे. पोत्यांवर परकी अक्षरं आणि गाईचं चित्र, इथल्या कुठल्या गोठ्यात न दिसणाऱ्या लठ्ठ गाईचं. ती पोती रामहरी पाठीवर घेऊन आत टाकायचा. ज्या पावडरीनं त्याचं सेंटर खाल्लं तिच्याच ओझ्यावर आता त्याच्या पोरीचं इन्शुलिन येत होतं. शंभूराज एकदा थट्टेनं म्हणाला, "काय रामहरी, पावडर नासत न्हाय न्हवं?" रामहरीनं पोतं खाली ठेवलं, घाम पुसला आणि दुसरं उचललं.

रविवारी तो घरी येतो. कोपऱ्यात ओल्या वाळूत मडकं असतं, वर फडकं. सुकन्या वाळूवर पाणी शिंपडते, डबी काढते, सुई भरते आणि स्वतःच्या मांडीला स्वतःच टोचून घेते. बापाच्या हातात तिनं त्या दिवसानंतर सुई दिली नाही. दहा वर्षांची पोर, पण तिच्यापुढं बोलायची त्याची छाती होत नाही.

मग ती नळी घेते, दिव्यावर धरते आणि तापली की बापासमोर येऊन उभी राहते.

"बघा."

"नगं, बाय. माजा इस्वास हाय."

"तरीबी बघा," ती म्हणते, आणि तो बघेपर्यंत नळी त्याच्या डोळ्यांपुढून हलवत नाही. नळी निळी असते.